गावाचा प्रयोग, देशाची योजना

भारतातल्या जवळपास प्रत्येक खेड्यात तीन गोष्टी माहीत असतात: अंगणवाडी, आशाताई आणि सरकारने मजुराला द्यायचं काम. तिन्हींची मुळं कमीअधिक प्रमाणात महाराष्ट्रात आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणातच शाळा भरवली. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. आशा कार्यकर्तीच्या मागे छत्तीसगडच्या ‘मितानिन’इतकाच जामखेड आणि गडचिरोलीच्या कामाचा वाटा आहे.

अशी परंपरा असलेल्या राज्यात मागासपणाची चर्चा निघाली की धडगाव, अक्कलकुवा, धारणी, चिखलदरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांची नावं अजूनही सगळ्यात आधी का येतात? माणसं कमी पडली, असं म्हणता येत नाही. पैसाही अगदीच नव्हता असं नाही. गेल्या पन्नासेक वर्षांची कामं एकमेकांशेजारी ठेवली की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. गावातला प्रयोग यशस्वी झाला, कारण काय करायचं हे लोकांनी ठरवलं आणि हिशेबही त्यांनीच ठेवला. सरकारने तोच प्रयोग उचलला तेव्हा चर, झोपडी, रजिस्टर, पदनाम असं सगळं घेतलं. ठरवण्याचा अधिकार तेवढा मागे राहिला. जिथे तो अधिकार कायद्यात उतरला, तिथे काम कसंबसं का होईना, टिकलं.

मजुराच्या हातातला कागद

१९७२च्या दुष्काळाची आठवण आजही सुकडी, मिलो आणि खडी फोडणं या शब्दांतून निघते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. एवढा मोठा दुष्काळ पडूनही भूकबळींचं प्रमाण मर्यादित राहिलं, म्हणून जगभरच्या अभ्यासकांनी त्याची नोंद घेतली. दुष्काळ सरला, पण एक विचार रुजला: मागेल त्याला काम ही दुष्काळापुरती सवलत नको, तो हक्क हवा. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

या कायद्याची बांधणी हुशारीची होती. पैसा उभा करायला १९७५ मध्येच व्यवसायकर आणला होता, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पाकिटातून खेड्यातल्या मजुरीला हातभार लागला. भूमिहीनाला मजुरी मिळाली. जमीनवाल्याला पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि पुढे विहिरी मिळाल्या. दोघांचाही फायदा असल्यामुळे योजनेला राजकीय आधार टिकला. स्त्री-पुरुषांना एकच दर असल्याने कामावर बायका मोठ्या संख्येने आल्या.

हक्क कागदावर असला तरी तो आपोआप पदरात पडत नाही, हेही याच योजनेने दाखवलं. धुळ्यात श्रमिक संघटना, ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात भूमी सेना आणि कष्टकरी संघटना यांनी ‘काम द्या, नाहीतर बेकारभत्ता द्या’ म्हणत तहसीलवर मोर्चे नेले. काम मागण्याचा नमुना ४ भरून घेणं आणि त्याची पोच मिळवणं, इतक्या साध्या गोष्टीसाठी संघटना लागली. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं आणि त्याबरोबर हमीची मजुरीही. त्यानंतर कामं मात्र कमी निघू लागली. मजुरी वाढली, पण ‘मागेल त्याला’ या शब्दांची धार बोथट झाली. १९९० पासून हमीच्या पैशातून फळबागा लावायला सुरुवात झाली. आंबा, डाळिंब, काजू यांखालचं क्षेत्र वाढलं. मात्र कायमचा लाभ ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला मिळाला.

इतक्या उणिवा असूनही २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा करताना महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. प्रयोग राज्याबाहेर पोचला तो कायद्याच्या रूपात. कायदा असला की मजुराला कोर्टात जाता येतं, तहसीलदाराला जाब विचारता येतो. योजनेचं परिपत्रक मागे घेतलं की विचारायला कागदच उरत नाही.

आजारी कोण, हे कोणी सांगायचं?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७०च्या सुमारास जामखेडला आले. आरोग्याची मुख्य गरज कोणती, असं गावांना विचारलं तर लोकांनी दवाखान्याआधी पाणी आणि अन्न सांगितलं. मग हातपंप आले, आणि त्यांतले बरेच दलित वस्तीत बसवले. इतर वस्त्यांतल्या बायकांना पाण्यासाठी तिथे यावं लागलं. जातीवर भाषण न देता जातीला हात घालणारं हे काम होतं. गावातल्याच, बहुतेक निरक्षर, अनेक दलित समाजातल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. त्यांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोगी ओळखले, वजनकाटा वापरला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या निवडक लोकाधारित आरोग्यप्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ची स्थापना केली. तिथे दवाखाना बांधायच्या आधी आदिवासींना विचारलं गेलं की तो कसा असावा. रुग्णाला एकटं पाडणाऱ्या वॉर्डापेक्षा नातेवाइकांसह राहता येईल अशा झोपड्या आणि देवीचं नाव, असं उत्तर आलं, आणि ‘सर्च’च्या शोधग्राम परिसरातला माँ दंतेश्वरी दवाखाना तसा उभा राहिला. राणी बंग यांनी १९८९ मध्ये दोन गावांतल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढीच सरकारी समज होती. घरच्या घरी नवजात बाळाच्या सेवेचा प्रयोग ३९ गावांत झाला. गावातल्याच स्त्रियांनी आरोग्यदूत होऊन बाळाचा श्वास, ताप, वजन पाहायला आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायला शिकून घेतलं. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले.

२००५ मध्ये आशा आली, आणि २०११ मध्ये घरपोच नवजात सेवा तिच्या कामात समाविष्ट झाली. लाखो घरांत पहिल्यांदाच कुणीतरी नवजात बाळाला पाहायला आलं, हा बदल लहान नव्हे. मात्र जामखेडची सेविका गावाला उत्तर देत होती, आशा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरला उत्तर देते. गडचिरोलीतल्या आरोग्यदूताच्या हातात निर्णय आणि इंजेक्शन होतं. आशाच्या हातात बहुतांशी फॉर्म आणि मोबाइलवरची माहिती आली. ती पगारी नोकर नाही, तिला कामागणिक मोबदला आणि मानधन मिळतं. महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांना आणि गटप्रवर्तकांना मानधनासाठी वारंवार संपावर जावं लागलं. अंगणवाडी सेविकांचा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला संप सात आठवड्यांहून अधिक चालला. गरीब गावाचं आरोग्य सांभाळणारी बाई स्वतःच गरीब राहावी, हा हिशेब स्वस्त पडतो म्हणून चालू आहे.

पाणी अडवणं आणि पाणी वाटणं

ग्रामविकासाच्या कामात महाराष्ट्राची सर्वाधिक ताकद पाण्यात गेली, आणि सर्वात शिकण्यासारखी गफलतही तिथेच झाली. पुण्यातले इंजिनिअर विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन घेऊन माती आणि पाणी अडवलं. इथवर नवं काही नव्हतं. नवं होतं ते वाटपाचे नियम. पाणी जमिनीवर नाही, माणसावर मोजायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी आधी भरायचा. पाणी पंचायतीच्या योजना पुरंदर आणि आसपास पसरल्या. समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह पुढे आटपाडी, खानापूर भागातल्या चळवळींनीही धरला.

तरी राज्याने उचललं ते पाणलोटाचं तंत्र. वाटपाचा नियम नाही. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ पासून काम करत होते. हिवरे बाजारला १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. दोन्ही गावं आज अहिल्यानगर नाव झालेल्या जिल्ह्यातली, दोन्ही कोरड्या पट्ट्यातली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री १९९२च्या आदर्श गाव योजनेतून राज्यभर गेली. हिवरे बाजारने पुढचं पाऊल टाकलं. शेतीसाठी बोअरबंदी केली, ऊस आणि केळीला मनाई केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस मोजायचा, माणसा-जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात रब्बीची पिकं ग्रामसभेत ठरवायची. पाऊस कमी तर रब्बी कमी. गाव बदललं ते बंधाऱ्याइतकंच या ताळेबंदाने.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं. वर्षाला ५,००० गावं आणि २०१९ पर्यंत दुष्काळमुक्त महाराष्ट्र, असं उद्दिष्ट होतं. जेसीबी आले, नाले खोल आणि रुंद झाले, पावसानंतर भरलेल्या नाल्यांचे फोटो गावोगाव फिरले. शास्त्र न पाहता नाले खोदण्यावर जाणकारांनी आक्षेप घेतले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला: ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात परिणाम अल्पच होता. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने हजारो गावांत श्रमदानाची लाट आणली. अनेक गावांना पाणी दिसलं, शहरातली माणसं टिकाव-फावडं घेऊन आली. फाउंडेशनने पुढे पिकांच्या आणि गटशेतीच्या प्रश्नाकडे मोर्चा वळवला. पाणी अडवलं तरी ते वापरायचं कसं हे ठरत नाही तोवर काम अर्धंच राहतं, हे त्यांच्याही लक्षात आलं असणार.

त्याच काळात अनुदानावर शेततळी झाली. कल्पना होती पावसाचं पाणी साठवण्याची. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या मोठ्या तळ्यांत बोअरचं पाणी उपसून भरलं गेलं. गावाच्या पोटातलं पाणी एका शेतकऱ्याच्या तळ्यात जमा झालं, तेही सरकारी पैशाने. ज्याच्याकडे जमीन आणि भांडवल, त्याच्याकडे पाणी, हा जुना नियम नव्या साधनाने पक्का झाला.

आदर्श गावांचीही चिकित्सा व्हायला हवी. चराईबंदी झाली की डोंगर हिरवा होतो, पण शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाला आणि धनगराला जनावरं विकावी लागतात. श्रमदानात सगळे राबतात, विहिरीला पाणी येतं ते विहीर असणाऱ्याच्या. राळेगणमध्ये दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णांनीच सांगितलं आहे. हिवरे बाजारला तीस वर्षं ग्रामपंचायत बिनविरोध होत होती, २०२१ मध्ये पहिल्यांदा मतदान झालं. मतभेद सांगायला जागा नसेल तर एकोप्याची किंमत कोण मोजतो, हे गावाच्या कडेला राहणाऱ्यालाच माहीत असतं.

जंगल: सही कोणाची?

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव मतभेदाच्या या प्रश्नावर वेगळं उत्तर देतं. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. ग्रामसभेशेजारी अभ्यासगट चालतो, बाहेरच्या जाणकारांना बोलावून कायदा, बांबू, मध, जमीन समजून घेतली जाते. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या या कामातून देशभर गेली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना वनखात्याकडेच होता. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या पुस्तकाचं मोल बांबूच्या पैशांपेक्षा जास्त होतं. सही ग्रामसभेची झाली, म्हणून ठेकेदाराला गावाशी बोलावं लागलं. २०१३ मध्ये गावाने ग्रामदान कायद्याखाली खाजगी जमीनही ग्रामसभेकडे देण्याचा निर्णय घेतला.

जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. हिशेबाचे घोळ होतात, व्यापारी पैसे थकवतात, काही ठिकाणी चार जणांच्याच हाती कारभार जातो. पण चूक झाली तर ती ग्रामसभेत विचारता येते. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा, महाराष्ट्राचे नियम २०१४चे. अधिकार कागदावरून पाड्यावर यायला इतकी वर्षं लागली, त्यात खात्यांची अनिच्छा स्पष्ट दिसते.

बचत गटांचं काय झालं?

बायकांच्या संघटनाचा प्रवासही याच वळणाने गेला. सुरुवातीचे गट बचत, भांडण, दारूबंदी आणि ग्रामसभा अशा सगळ्यासाठी जमत. साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत बायकांनी दारूची दुकानं बंद करायला मतदान घडवून आणलं. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे मतदानाच्या खुणांचे शब्द त्यातूनच रुळले. १९९७ मध्ये म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला बँक उभी राहिली. आधीचा अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, सभासद बायका निरक्षर होत्या. त्या शिकल्या आणि पुन्हा अर्ज केला. १९९२ पासून नाबार्डने गट बँकांशी जोडले आणि पुढे मोठी अभियानं आली, तेव्हा मात्र गटाचं यश कर्जफेडीच्या टक्केवारीत मोजलं जाऊ लागलं. खाजगी सूक्ष्म वित्तसंस्थांनी गटाच्या एकमेकींवरच्या भरवशाचंच तारण केलं. हप्ता चुकला की शेजारणीनेच दार ठोठवायचं.

बैठकीला जे नसतात

ही सगळी कामं एक गोष्ट गृहीत धरतात: गरीब माणूस गावात आहे. मराठवाड्यातल्या बीड, धाराशिव आणि आसपासच्या जिल्ह्यांतली लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन टोळीने ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. नंदुरबारचे आदिवासी गुजरातेत जातात, पालघरचे वीटभट्ट्यांवर. श्रमदान, ग्रामसभा, लसीकरण, शाळा आणि बचत गटाच्या बैठका यांच्या वेळी हे लोक फडावर किंवा भट्टीवर असतात. ज्यांच्या नावाने विकासाचा निधी येतो, ते तो येतो तेव्हा गावात नसतात.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. सरकारी समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक महिला कामगारांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. आशा आणि आरोग्य केंद्र असलेल्या जिल्ह्यात हे घडत होतं. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीच टाळायची, ही सक्ती गावाच्या विकासयोजनेच्या नजरेत येतच नाही, कारण ती गावाबाहेर घडते. हंगामी वसतिगृहांनी मुलांची शाळा काही प्रमाणात वाचवली, पण प्रश्नाचं मूळ उचलीत आणि मजुरीच्या दरात आहे. ते संघर्षाचं काम, आणि त्यासाठी देणगी मिळणं अवघड.

पैसा कोणाचा, मुदत कोणाची

२०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं कायद्याने बंधनकारक झालं. हा पैसा मोठा आहे, पण कारखान्याच्या आसपास घुटमळतो आणि वर्षा-दोन वर्षांत दाखवता येईल अशा वस्तू मागतो: शौचालय, डिजिटल वर्ग, बंधारा. पुण्याच्या परिघातल्या शाळेला दोन-दोन दाते भेटतात, अक्कलकुव्याला एकही नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने या देणग्या एका संस्थेने दुसरीकडे वळवायला बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. छोट्या संस्थांचा खरा खर्च पगार आणि प्रवासाचा, त्यासाठीचाच पैसा आटला. जामखेड, गडचिरोली, नायगाव, मेंढा यांपैकी एकही काम तीन वर्षांच्या प्रकल्पात बसलं नसतं.

मराठीत या कामांचे दोन गट करायची सवय आहे, रचना आणि संघर्ष. विहीर खणणारे सज्जन, मोर्चा काढणारे भांडखोर. हिशेब पाहिला तर ही विभागणी टिकत नाही. नायगावचा पाणीवाटा ही रचना होती आणि जमीनदाराच्या हक्काला आव्हानही. मेंढ्याचा बांबू ही उपजीविका होती आणि वनखात्याशी भांडणही. ज्या रचनेने कुणालाच दुखावलं नाही, तिने बहुधा कुणाची सत्ताही हलवली नाही.

म्हणून पुढच्या योजनेकडून अपेक्षा मोजक्या आणि तपासता येण्याजोग्या ठेवाव्यात. बंधारा मंजूर करण्याआधी पाणी कोणाला किती, याचा नियम ग्रामसभेने लिहून द्यावा, त्यात भूमिहीनाचा वाटा असावा. आशा आणि अंगणवाडी सेविकेला पगार मिळावा आणि तिच्या कामाचा आढावा गावात व्हावा. स्थलांतराच्या तालुक्यांत वर्षाची मोठी ग्रामसभा टोळ्या परतल्यावर घ्यावी. पेसा ग्रामसभांना आदिवासी उपयोजनेतून जसा थेट, बंधनमुक्त निधी मिळतो, तसा बिगर-पेसा गरीब गावांनाही मिळावा. पैसे वाया जातील, ही हरकत येईल. काही गावांत जातीलही. ९,६३३ कोटींचा हिशेब मंत्रालयात ठेवूनही पाणी फारसं वाढलं नाही. गावाने चूक केली, तर ती निदान पुढच्या ग्रामसभेत माणसाचं नाव घेऊन विचारता येईल.